पावणेसहाचं मैदान

त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या स्लाऊमधल्या गाड्यांवर तांबूस धूळ बसली होती. सहारा वाळवंटावरून हवा आलीय, असं बातम्यांत सांगत होते. गल्लीतली माणसं बोनेटवर बोट फिरवून ती धूळ एकमेकांना दाखवायची. मी चंद्रपूरचा. ऊन म्हणजे काय ते मला नव्याने शिकायचं नव्हतं. पण इथली घरं थंडीसाठी बांधलेली, एकदा ऊब आत शिरली की सोडत नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई भर दुपारी सगळ्या खिडक्या सताड उघडून बसायच्या, आणि मी आमच्या बंद करून वर ओल्या चादरी टांगायचो. त्या कुंपणापलीकडून म्हणायच्या, "असं कोंडून घेतलंत तर गुदमराल." मी म्हणायचो, "येस, थँक्यू."

कुणी काहीही म्हणालं की माझ्या तोंडून आधी येस निघतं. काय म्हणाले ते मागून कळतं, कधी कळतही नाही. नववीत दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा शाळेत गेलोच नाही, मामाच्या गॅरेजमध्ये स्कूटरी खोलायला बसलो. माझी बायको मात्र शिकलेली, नर्स. इथल्या हॉस्पिटलची नोकरी तिने परीक्षा देऊन मिळवली. मी आणि मुलगी तिच्या व्हिसाच्या मागे आलो. त्यामुळे मी काही चुकलो तर तिचं काहीतरी जाईल, ही भीती मला कायम असते. लाल सिग्नलला सायकल पुढे काढली तरी वाटतं, क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात बसून कुणीतरी टिपून घेतंय.

व्हिसाचे कागद करताना नागपूरच्या एजंटने मला एक गोष्ट शिकवली होती. "भाऊ, वाईट काही विचारलं तर नो. चांगलं विचारलं तर येस. मधात थांबून विचार करायचा नाही, विचार केला की माणूस फसते." त्या एका वाक्यावर मी घराचे, डॉक्टरचे, कौन्सिलचे, वेअरहाऊसचे सगळे फॉर्म भरले. एकदाही अडकलो नाही.

मुलगी पंधरा वर्षांची, पंधराशे मीटर पळते. इथे आली तेव्हा दहाची होती आणि वर्षभर वर्गात कुणाशी बोलली नव्हती. पीटीच्या मॅडमनी तिला एक दिवस बससाठी पळताना पाहिलं आणि बोलावून घेतलं. पहिले खिळ्यांचे बूट त्यांनीच दिले, शाळेच्या कपाटातले, कुणीतरी वापरलेले. त्यानंतर ती बोलायला लागली. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडणार होतो? त्या म्हणायच्या, मला नावाने हाक मारा. मला ते कधी जमलं नाही.

जूनमध्ये मॅडमचा सगळ्या पालकांना मेसेज आला. शाळा सुटल्यावर मैदान फार तापतं, म्हणून कौंटीच्या संघाची निवड होईपर्यंत मुलींचा सराव सकाळी पावणेसहाला घ्यायचा. पण शाळेच्या वेळेबाहेर दोन मोठी माणसं लागतात, एक पळवायला आणि एक बाजूला बसायला. कुणाला येता येईल का? वेअरहाऊसमधली माझी शिफ्ट दुपारी दोनची. पोलिसांची तपासणी माझी आधीच झालेली, शाळेच्या कार्यक्रमांना खुर्च्या लावायला जायचो म्हणून. मी दोन मिनिटांत येस कळवलं. मग फोनवर फॉर्म आला, दहा-बारा प्रश्नांचा. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भरला. तुमच्यावर कधी गुन्हा? नो. मुलांसोबत काम करायला आवडतं? येस. वेळेवर याल? येस. चालू फर्स्ट एड आहे? चांगलीच गोष्ट वाटली. येस.

पहिल्या सकाळी गेटवर मॅडमनी मला एक नारिंगी जाकीट दिलं आणि एक हिरवी पिशवी. दोन्हींवर पांढरी फुली.

"तुम्ही ट्रेन्ड आहात हे किती बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला हे सुरूच करता आलं नसतं. एवढ्या पालकांत एकाकडेही सर्टिफिकेट नाही. तुमच्याची कॉपी आणा, जमेल तेव्हा."

सर्टिफिकेट असतं, त्यासाठी शिकावं लागतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "येस, टुमारो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी म्हणालो, बायको शोधतेय. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

सकाळ मात्र सुंदर असायची, हे सांगायला हवं. हीथ्रोची विमानं एकामागून एक डोक्यावरून उतरायची. गवत पिवळं पडून वाळलेल्या तुराट्यांसारखं पायाखाली कुरकुरायचं, पण हवेत तासभर तरी गारवा राहायचा. अकरा मुली. मॅडम पलीकडच्या वळणावर शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या, मी अलीकडे शेडजवळ खुर्चीवर. मुलींचे फोन एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात माझ्या पायाशी ठेवलेले. पिशवीच्या कप्प्यात एक कागद होता, मुलींची नावं आणि नावांपुढे बारीक अक्षरात काही काही. वाचायचं मी रोज ठरवायचो. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, आणि मुली समोर असताना ओठ हलवत वाचायची लाज वाटायची. घरी न्यावा तर पिशवी शाळेची.

मी माझ्या परीने तयारी केली होती. बाटलीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी. ओला पंचा. आणि पँटच्या खिशात कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून ठेवतात. खरं आहे का माहीत नाही, पण कांद्याशिवाय उन्हात निघालो तर मला चुकल्यासारखं होतं.

चौथ्या सकाळी गारवा आलाच नाही. सहालाच अंग चिकट झालं. मुली चारशे-चारशेचे फेरे मारत होत्या. पायाशी डब्यात एक फोन वाजायला लागला. कुणाचा तरी उठायचा गजर राहिला असेल, असं मला वाटलं. थांबला, परत वाजला, आधीपेक्षा मोठ्याने. मॅडमना त्रास नको म्हणून मी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि वर माझा पंचा टाकला.

थोड्या वेळाने एक उंच मुलगी फेरा अर्धा सोडून आत वळली आणि गवतावर बसली. बसली म्हणजे गुडघ्यांतून खाली गेली. मी पिशवी घेऊन धावलो. अंग घामाने थबथबलेलं, हात थरथरत होते, ओठ पांढरे. ती काहीतरी सांगत होती, पण शब्द जड आणि अर्धे. मी वाकलो तसा कांदा खिशातून निसटून तिच्या मांडीजवळ जाऊन थांबला. बाकीच्या मुली पळत आल्या होत्या.

"इज दॅट ॲन अनियन?" एक म्हणाली.

"बाबा, प्लीज," माझी मुलगी म्हणाली. "ते आत टाक."

मी कांदा आत टाकला. चंद्रपूरला शंभरदा पाहिलेलं तेच मी केलं. ऊन लागलंय. सावलीत घ्या, मानेवर ओलं फडकं, साखर-मिठाचं पाणी. पंचा आणायला एकीला पिटाळलं. मुलीला धरून शेडच्या सावलीत नेलं आणि बाटली तोंडाला लावली. तिने घोट घेतला, मग बाटली माझ्या हातून ओढून अर्धी संपवली. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक छोटं यंत्र काढलं, मुलीच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि जमिनीवर बसल्या.

"काय दिलंत तिला?"

"शुगर. वॉटर."

"थँक गॉड," त्या म्हणाल्या, आणि माझा दंड धरला. "थँक गॉड तुम्ही होतात. किती जणांनी तिला सावलीत बसवून साधं पाणी पाजलं असतं. तुम्हाला एका क्षणात कळलं."

मला काहीच कळलेलं नव्हतं. मुलीला डायबेटिस होता. न खाता पळायला आली होती आणि साखर उतरली होती. कागदावर तिच्या नावापुढे हेच लिहिलेलं असणार. तिच्या दंडावर एक पांढरी चकती चिकटवलेली असायची. चार दिवस मी ती बघत होतो, समजत होतो की पळण्याचा वेग मोजायचं काहीतरी असेल. ती चकती साखर मोजायची आणि उतरली की तिच्या फोनला सांगायची. फोन डब्यात होता. झाकण मी लावलं होतं.

दहा मिनिटांत ती मुलगी उठून बसली, बिस्किट खाल्लं आणि म्हणाली, ते पाणी भयंकर आहे. सगळ्या हसल्या. परतताना माझी मुलगी माझ्या शेजारून चालली, जी एरवी दहा पावलं पुढे असते.

"सगळ्या म्हणत होत्या की तू लेजंड आहे," ती म्हणाली. "अनियन सोडून."

बायको रात्रपाळी करून नुकतीच आली होती. चहा घेत तिने ऐकलं. मुलगी आंघोळीला गेल्यावर मला विचारलं, "तुम्ही तिला विचारलं का, डायबेटिस आहे म्हणून?"

"नाही."

"मग साखर काहून दिली?"

"ऊन लागलं समजून."

तिने कप खाली ठेवला. "आणि मॅडम तुम्हाला काय समजून राहिल्या?"

मग मी फॉर्मचं सांगितलं. सर्टिफिकेटचं सांगितलं. डब्याचं नाही सांगितलं.

तिने उठून कप विसळला, पुसला, परत विसळला. ती रागावली की बोलते, घाबरली की हात कामाला लावते, म्हणजे घाबरली होती. शेवटी म्हणाली, "शुद्ध गेली असती आणि तुम्ही पाणी पाजलं असतं, तर ते फुप्फुसात गेलं असतं. कळते का? आज ती पिऊ शकत होती, एवढंच." नंतर म्हणाली, "मी येते उद्यापासून. ड्युटी संपली की सरळ मैदानात येते."

"ड्युटी साडेसातला संपते तुझी."

"हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली. थकल्यामुळे असेल.

मुलगी दारात उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिने किती ऐकलं ते तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"बाबा, सांगू नको," ती म्हणाली. "सिलेक्शनला अकरा दिवस आहे फक्त. तू सांगितलं तर मिस सगळं बंद करेल. तिला करावाच लागेल. सगळ्यांची प्रॅक्टिस जाईल, फक्त माझी नाही."

"आणि परत कुणाला काही झालं तर?"

"नाही होणार. मी सांगेन सगळ्यांना, खाऊन या. मी तुला तो शीट वाचून दाखवते. आपण यूट्यूबवर बघू ना, सीपीआर वगैरे. प्लीज."

तिचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. मी दिवसभर तेच घोळवत राहिलो. वेअरहाऊसमध्ये पत्र्याखाली आम्ही टीशर्ट पिळून घालत होतो आणि मी स्कॅनर मारता मारता हिशोब मांडत होतो. अकरा दिवस. शनिवार-रविवार सोडले तर आठ सकाळी. आधी चार गेल्या, त्यात एक मुलगी पडली. आठांत किती? पुन्हा वाटायचं, मी सांगितलं तर खोटा फॉर्म भरला म्हणून शाळा कुणाला कळवेल? पोलिसांना? तिथून व्हिसावाल्यांना? एका खोक्यावर मी उलटं लेबल लावलं. सुपरवायझर पंजाबी, गमत्या माणूस. म्हणाला, "भाईसाब, गर्मी दिमाग में चढ़ गई?" मी म्हणालो, हो.

ब्रेकमध्ये पायऱ्यांवर बसून मी वाक्य तयार केलं. आय टिक राँग. आय हॅव नो सर्टिफिकेट. सॉरी. तीन वाक्यं होती. शिफ्ट संपेपर्यंत घोकली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच गेटवर जाऊन उभा राहिलो. जाकीट घातलं नाही, घडी करून हातात धरलं. मुलीला म्हटलं होतं, तू नंतर ये. ती माझ्यासोबतच आली आणि गेटच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली, पाठ करून. मॅडमची गाडी लागली. त्या हसतच उतरल्या, हातात केळ्यांची पिशवी. सगळ्यांना खाऊनच पळायला लावायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

मी तीन वाक्यं म्हटली.

त्यांना आधी वाटलं सर्टिफिकेटची मुदत संपलीय. म्हणाल्या, तसं असेल तर बघता येईल. तिथे थांबता आलं असतं. ती वाट मला स्पष्ट दिसली. मी म्हणालो, "नो, मॅडम. नेव्हर. मला फक्त ऊन माहीत आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरून हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. त्यांनी माझ्या हातून जाकीट घेतलं आणि विचारलं, "चार दिवस?"

"येस."

"मी तिच्या आईला सांगितलं की माझ्याकडे ट्रेन्ड माणूस होता. काल संध्याकाळी फोन करून सांगितलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुली एकेक करून येत होत्या, सायकलवर, आयांच्या गाड्यांतून. मॅडमनी सगळ्यांना गेटबाहेरच थांबवलं आणि सकाळचा सराव आजपासून बंद म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. केळी वाटून दिली. दहा मुली फुटपाथवर केळी खात उभ्या, आणि ऊन तापायलाही अजून वेळ होता. माझी मुलगी केळं न घेता चालायला लागली होती.

फॉर्मबद्दल शाळेने एक पत्र पाठवलं. बायकोने दोनदा वाचून दाखवलं. यापुढे मला मदतीला बोलावणार नाहीत, एवढंच होतं त्यात. पोलीस नाही, व्हिसा नाही. तरी महिनाभर दारात पत्र पडल्याचा आवाज झाला की माझा हात थांबायचा. मॅडमनी मुलींना जेवणाच्या सुट्टीत जिममध्ये दोरीवरच्या उड्या वगैरे करायला लावल्या. पंधराशे पळणारीला त्याचा काय उपयोग? माझी मुलगी सकाळी एकटी पार्कात जायची. मी लांबून मागे जायचो. तिला माहीत होतं, पण ती वळून बघायची नाही. घरी जेवणाच्या टेबलावर "मीठ दे" एवढं बोलायची, तेही आईला.

निवडीच्या शनिवारी ऊन थोडं उतरलं होतं, पण ट्रॅकचा रबर तापून वास मारत होता. बायको ड्युटीवरून थेट आली आणि स्टँडच्या सावलीत बसल्याबसल्या झोपली. मी कुंपणापाशी उभा होतो. शेजारी एक बाई येऊन थांबली. उंच, डोळ्यांवर गॉगल, हातात फोन आणि त्यावर एक हलती रेघ.

"तुम्हीच ना?" ती म्हणाली. "साखरेचं पाणी."

त्या मुलीची आई. ती मुलगीही आज पंधराशे पळणार होती, माझ्या मुलीसोबत.

"टीचरनी मला सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "आधीचंही, नंतरचंही. दोन दिवस तुमच्यावर फार चिडले होते. मग वाटलं, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं." तिने फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा, आता साखर ठीक आहे तिची. त्या दिवशी तिचा फोन वाजायला हवा होता. वाजलाच नाही, म्हणते ती. मी कंपनीला कळवलंय. नवीन सेन्सर पाठवणार आहेत."

पलीकडे मुली रेषेवर येत होत्या. माझी तिसऱ्या जागेवर, तिची सहाव्या.

"वाजला होता," मी म्हणालो.

तिने गॉगल वर केला.

मला घोकायला वेळ मिळाला नव्हता. तुटक इंग्रजीत, हाताने डबा दाखवत, झाकण दाखवत मी सांगितलं. पहिल्यांदा वाजला, थांबला, परत वाजला. मला गजर वाटला. मी झाकण दाबलं. वर पंचा टाकला.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. तीन असतील."

"हे त्यांना सांगितलंय तुम्ही? टीचरना?"

"नाही. कुणालाच नाही. बायकोलाही नाही."

मला वाटलं आता ती बाई बोलेल, आणि जे बोलेल ते मी उभ्याने ऐकायचं ठरवलं. बोलायच्या आधीच पिस्तूल वाजलं. दोघंही ट्रॅककडे वळलो, कारण दोघांच्याही मुली पळत होत्या. पहिल्या फेऱ्यात माझी चौथी होती, तिची शेवटून दुसरी. बाई एका डोळ्याने मुलीला आणि एका डोळ्याने फोनवरच्या रेघेला बघत होती. दुसऱ्या फेऱ्याला तिने फोन माझ्या हातात दिला आणि कुंपणावर दोन्ही हात ठेवून मुलीच्या नावाने हाका मारायला लागली.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. शेवटच्या फेऱ्यात माझी मुलगी कितवी होती ते मी पाहिलं नाही. नंतर कळलं, पाचवी, आणि घेणार होते तिघींना. मी रेघ बघत होतो. ती थोडी खाली आली, थांबली, परत खाली आली. कुठल्या रेषेखाली गेली की हाक मारायची, हे मी विचारलेलं नव्हतं. मी त्या बाईच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं.